अमेरिकेत स्कूल सायकॉलॉजी: पीएचडी, संशोधन आणि प्राध्यापकीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी संपली की मला पुणे, नाशिक, कोल्हापूरहून मेल यायला लागतात. एम.ए. झालेलं असतं किंवा होत आलेलं असतं, अमेरिकेत स्कूल सायकॉलॉजीत पीएचडी करायची असते आणि १ डिसेंबरची मुदत तोंडावर असते. मी याच वाटेने इथे आले. आज इथल्या एका विद्यापीठात शिकवते आणि पीएचडीचे विद्यार्थी माझ्याबरोबर संशोधन करतात. विचारले जाणारे प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे.

स्कूल सायकॉलॉजी म्हणजे शाळेतलं समुपदेशनच ना?

नाही. अमेरिकेतल्या शाळांत समुपदेशकाची जागा वेगळी असते. मूल वाचत का नाही, वर्गात टिकत का नाही, दहा दिवसांत सहा दिवस शाळेला दांडी का मारतं, याचा छडा लावणं हे स्कूल सायकॉलॉजिस्टचं काम. मग शिक्षक आणि पालकांबरोबर बसून उपाय ठरवायचा आणि तो लागू पडतोय का हे मोजत राहायचं.

या विषयाचा उगमच एका शिक्षिकेच्या अडचणीतून झाला. १८९६ साली लाइटनर विटमर यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मानसशास्त्रीय क्लिनिक सुरू केलं. तिथे आलेला पहिला मुलगा चौदा वर्षांचा होता, त्याला स्पेलिंग जमत नव्हतं, आणि त्याला त्याच्या शाळेतल्या बाईंनी आणलं होतं. पुढे १९७५ च्या कायद्याने प्रत्येक अपंग मुलाला मोफत आणि योग्य शिक्षणाचा हक्क दिला. त्यामुळे मुलाचं रीतसर मूल्यमापन करणं शाळांना भाग पडलं आणि हा पेशा झपाट्याने वाढला. व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेची, म्हणजे नॅस्पची, शिफारस ५०० विद्यार्थ्यांमागे एक स्कूल सायकॉलॉजिस्ट अशी आहे. बहुतेक राज्यं त्याच्या जवळपासही नाहीत.

मला पीएचडीच करायला हवी का?

शाळेत काम करायचं असेल तर नको. स्पेशालिस्ट दर्जाची, म्हणजे एम.ए. आणि पीएचडी यांच्या मधली, पदवी साधारण तीन वर्षांची असते. त्यात किमान साठ क्रेडिट आणि शेवटच्या वर्षी १,२०० तासांची इंटर्नशिप असते. बहुतेक राज्यांत शाळेतली नोकरी तेवढ्यावर मिळते. मुलांबरोबर रोज काम करायची ओढ असेल तर ही वाट कमी दर्जाची समजू नका. ज्यांना पीएचडी नकोच होती, पण 'डॉक्टर' शब्दाच्या मोहाने आले, अशांचे तिसऱ्या वर्षीचे चेहरे मी पाहिले आहेत.

पीएचडी कुणी करावी? ज्याला 'या मुलाला हा उपाय लागू पडला' इथे थांबता येत नाही, 'का लागू पडला, आणि दुसऱ्या शाळेत लागू पडेल का' हे ज्याला स्वस्थ बसू देत नाही, त्याने. आणि पुढच्या स्कूल सायकॉलॉजिस्टना शिकवायचं आहे, त्याने. या पीएचडीला पाच-सहा वर्षं लागतात.

संशोधनाचं प्रशिक्षण नेमकं कसं मिळतं? त्याचे कोर्स असतात का?

कोर्स असतात. संशोधनपद्धती, संख्याशास्त्र, मोजमापाचं शास्त्र, सगळं असतं. पण संशोधन शिकायची जागा वेगळी आहे. पहिल्या सत्रापासून तुम्ही एका प्राध्यापकाच्या रिसर्च टीममध्ये असता आणि तिथे आधी हमाली करता: माहिती गोळा करणं, फॉर्म लावणं, आकडे भरणं, दुसऱ्याने भरलेले तपासणं. ही हमाली म्हणजेच प्रशिक्षण आहे, असं माझं ठाम मत आहे.

एक उदाहरण सांगते. माझी पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी आणि मी दुसरीच्या वर्गात निरीक्षणाला बसलो होतो. मागे, लहान मुलांच्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीशी आलेले. मांडीवर क्लिपबोर्ड, एका कानात इअरफोन, दर १५ सेकंदांनी 'टिक'. प्रत्येक टिकला खूण करायची: मुलाचं लक्ष कामात आहे की नाही. ३० मिनिटांत असे १२० खंड होतात. दोघींनी एकमेकींकडे न बघता खुणा केल्या आणि नंतर ताडून पाहिल्या. १०२ जुळल्या, म्हणजे ८५ टक्के. साधारण ८० टक्क्यांच्या वर चालतं, म्हणून ती खूश झाली. मी म्हटलं, थांब, न जुळलेल्या १८ बघू.

त्यातल्या अकरा खुणा एकाच प्रसंगाच्या होत्या. मुलगा खिडकीबाहेर बघत होता, पण बाईंनी फळ्यावर मांडलेल्या बेरजेचं उत्तर तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता. तिने लिहिलं होतं 'लक्ष नाही', मी लिहिलं होतं 'लक्ष आहे'. त्या एका मुद्द्यावर आम्ही तासभर बोललो. शेवटी 'लक्ष' या शब्दाची व्याख्या आम्ही पुन्हा लिहिली, आणि नंतरचं सगळं निरीक्षण त्या नव्या व्याख्येने केलं. पुस्तकात 'निरीक्षकांमधली सहमती' या मथळ्याखाली दोन पानं असतात. ती कळायला असा एक मुलगा भेटावा लागतो.

संख्याशास्त्राची भीती वाटते. निभेल का?

निभेल, पण टाळता येणार नाही. साध्या रिग्रेशनच्या, म्हणजे एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधण्याच्या, पुढे जावंच लागतं, कारण शाळेतली मुलं सुटीसुटी नसतात. एका वर्गातल्या चोवीस मुलांना एकच बाई शिकवतात. त्यांचे गुण एकमेकांशी बांधलेले असतात. त्यांना चोवीस स्वतंत्र माणसं धरून हिशोब केला तर नसलेला परिणाम दिसायला लागतो. म्हणून मूल वर्गात, वर्ग शाळेत, अशी उतरंड धरून चालणाऱ्या बहुस्तरीय पद्धती शिकाव्या लागतात. सोबत गैरहजर मुलांच्या गहाळ आकड्यांचं काय करायचं, हेही. 'आर' हे संख्याशास्त्राचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर भारतात असतानाच हाताळायला लागा.

एका-दोन मुलांवर केलेल्या अभ्यासाला संशोधन म्हणतात का?

म्हणतात, आणि आमच्या विषयाचं ते बलस्थान आहे. तीन मुलं घ्या. तिघांचीही आधीची स्थिती रोज मोजत राहा. पहिल्याला उपाय सुरू करा, बाकी दोघांना अजून देऊ नका. काही दिवसांनी दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. आलेखावर प्रत्येकाची रेघ त्याला उपाय सुरू झाल्यावरच वर चढली, आधी नाही, तर बदल उपायामुळेच झाला असं म्हणायला बळ येतं. २०१० मध्ये शिक्षणातलं संशोधन पारखणाऱ्या, अमेरिकी शिक्षण खात्याच्या 'व्हॉट वर्क्स क्लिअरिंगहाउस'साठी विस्कॉन्सिन-मॅडिसनचे टॉमस क्रॅटोचविल आणि सहकाऱ्यांनी अशा अभ्यासांचे निकष लिहिले. परिणाम निदान तीन वेगवेगळ्या वेळी दिसला पाहिजे, हा त्यातला एक.

कागदावर हे फार देखणं दिसतं. माझ्या प्रबंधात पहिल्या मुलाची आधीची मोजणी मी जानेवारीत ठेवली होती. बर्फाने शाळा पुन्हा पुन्हा बंद पडली. मग तो मुलगा आजारी पडला. मग राज्याच्या परीक्षा आल्या. तिसऱ्या मुलाला उपाय सुरू करायच्या आत उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि तो अभ्यास मला पुढच्या वर्षी नव्याने करावा लागला. तेव्हा खूप रडले होते. आता माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्याच बैठकीत शाळेचं वार्षिक कॅलेंडर छापून आणायला सांगते.

गाईड कसा निवडायचा?

विद्यापीठाच्या नावाआधी माणूस बघा. नेब्रास्का, मिनेसोटा, विस्कॉन्सिन, ओरेगन ही या विषयातली जुनी, भक्कम ठिकाणं आहेत. शाळेतलं वाचन मोजायची सगळ्यांत साधी पद्धत मिनेसोटात स्टॅन्ली डेनो यांनी घडवली. मूल एक मिनिट मोठ्याने वाचतं, चुकलेल्या शब्दावर आपण तिरकी रेघ मारतो, तीन सेकंद अडलं तर शब्द सांगून टाकतो आणि बरोबर वाचलेले शब्द मोजतो. ही पद्धत आज जगभर वापरली जाते. पण मोठ्या नावाच्या विभागातही तुमचं पाच वर्षांचं आयुष्य एकाच माणसाच्या खोलीत घडत असतं.

म्हणून त्याच्या गेल्या पाच वर्षांतल्या पेपरवरची नावं बघा. विद्यार्थ्यांची नावं आहेत का? पहिल्या जागी आहेत का? ते विद्यार्थी आज कुठे आहेत? सध्याच्या विद्यार्थ्यांशी बोलायची परवानगी मागा आणि त्यांना एवढंच विचारा: तुमचं लिखाण वाचून परत यायला किती दिवस लागतात? या एका उत्तरातून बरंच काही कळतं.

मेल लिहिताना 'रिस्पेक्टेड सर' आणि दोन परिच्छेद स्तुती नको. त्यांचा कोणता पेपर वाचला, त्यातलं काय खटकलं किंवा काय पुढे न्यावंसं वाटलं, हे चार ओळींत लिहा.

पैशांचं काय? आणि व्हिसाचं?

चांगल्या पीएचडी कार्यक्रमात बहुधा असिस्टंटशिप मिळते. आठवड्याला २० तास काम, त्या बदल्यात फी माफ आणि महिन्याला खर्चापुरते पैसे. हे मिळत नसेल तर कर्ज काढून पीएचडी करू नका, असं मी स्पष्ट सांगते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आवारातही २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, त्यामुळे 'वर थोडं काहीतरी करू' हा हिशोब धरू नका. नॅशनल सायन्स फाउंडेशनची मानाची फेलोशिप फक्त अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवाशांसाठी आहे. ती आपल्याला मिळत नाही म्हणून आपण कमी आहोत असं मनात घेऊ नका. प्रॅक्टिकम (शिकत असताना शाळेत केलेलं प्रत्यक्ष काम) आणि इंटर्नशिपसाठी लागणाऱ्या परवानग्यांबद्दल पहिल्याच सत्रात आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन बसा. जीआरई ही प्रवेशासाठीची परीक्षा अनेक कार्यक्रमांनी काढून टाकली आहे. अर्ज करण्याआधी प्रत्येकाचं पान तपासा. आणि फंडिंगच्या प्रस्तावावर निर्णय द्यायला बहुतेक विद्यापीठं १५ एप्रिलपर्यंत मुदत देतात, तोवर कुणी घाई केली तर शांतपणे वेळ मागा.

शाळेत संशोधन करायची परवानगी कशी मिळते?

हळूहळू मिळते. विद्यापीठाची नैतिकता समिती, मग शाळांच्या जिल्ह्याचं कार्यालय, मग मुख्याध्यापक, मग शिक्षक, मग पालकांची लेखी संमती आणि शेवटी खुद्द मुलाचा होकार. सात वर्षांच्या मुलाने मान हलवून 'नको' म्हटलं तर आईची सही असूनही तुम्ही उठून यायचं. त्याआधी बोटांचे ठसे देऊन पार्श्वभूमी तपासून घ्यावी लागते, नाहीतर शाळेच्या दारातून आतच सोडत नाहीत.

यात एक गोष्ट कुणी लेखी सांगत नाही. शाळेच्या ऑफिसात बसणाऱ्या बाईंशी नीट वागा. आज सहलीमुळे दुसरी 'ब' वर्गात नाही, हे त्यांनाच ठाऊक असतं.

पेपरवर नाव कोणाचं पहिलं?

आपल्याकडून येणाऱ्या मुलांना हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. गुरूपुढे हिशोब कसा मांडायचा, असं मनात असतं. मांडा. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या (एपीए) आचारसंहितेतच लिहिलं आहे की विद्यार्थ्याच्या प्रबंधावर मुख्यतः आधारलेल्या लेखात, अपवादात्मक परिस्थिती सोडली तर, विद्यार्थ्याचं नाव पहिलं असावं. इतर प्रकल्पांत काम सुरू होतानाच ठरवून घ्या: कोण काय करणार आणि नावांचा क्रम काय. काम बदललं तर क्रमावर पुन्हा बोला.

कुठल्या जर्नलमध्ये छापायचं?

'जर्नल ऑफ स्कूल सायकॉलॉजी' १९६३ पासून निघतं. नॅस्पचं 'स्कूल सायकॉलॉजी रिव्ह्यू' आणि एपीएच्या सोळाव्या, म्हणजे स्कूल सायकॉलॉजीच्या, विभागाचं 'स्कूल सायकॉलॉजी' ही आणखी दोन महत्त्वाची. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्यांकडे फिरकू नका. भारतातून येणाऱ्या अर्जांत असे पेपर दिसतात तेव्हा वाईट वाटतं, कारण मागे खरी मेहनत असते आणि ती वाया जाते. नकार येणारच. पहिल्या नकाराचं पत्र दोन दिवस बाजूला ठेवा, मग परीक्षकांचा प्रत्येक मुद्दा एका तक्त्यात उतरवून समोर उत्तर लिहा. या कामाला मी विद्यार्थ्यांबरोबर शेजारी बसते, कारण पेपर लिहिण्यापेक्षा तो दुरुस्त करणं शिकवावं लागतं.

प्राध्यापकाच्या जागा आहेत का?

मानसशास्त्राच्या इतर शाखांच्या मानाने इथे चित्र बरं आहे. या विषयात प्राध्यापक कमी पडतात ही तक्रार फार जुनी आहे. कारण साधं आहे: पीएचडी झालेल्याला शाळेत, दवाखान्यात, खासगी व्यवसायात काम मिळतं, आणि काही भागांत शाळेतला पगार नव्या असिस्टंट प्रोफेसरच्या पगाराइतका किंवा जास्तही असतो. त्यामुळे पुष्कळजण संशोधन शिकून ते मागे ठेवून जातात.

त्यांना दोष देत नाही. पण विद्यार्थी प्राध्यापकीकडे वळत नाहीत याला आम्ही प्राध्यापकही जबाबदार आहोत, असं मला वाटतं. आम्ही त्यांना रात्री अकराला मेल करताना दिसतो आणि ग्रँट नाकारल्याचं ऐकवतो. एखादा आलेख पहिल्यांदा पडद्यावर उमटतो तेव्हा काय वाटतं, हे मात्र सांगत नाही. मी आता सांगते. ग्रँटचा अर्ज लिहिताना विद्यार्थ्याला शेजारी बसवते, बजेटसकट. परीक्षणाला पेपर आला की संपादकांची परवानगी घेऊन त्याच्याबरोबर वाचते. प्राध्यापकाचा दिवस कसा असतो हे आतून पाहिल्याशिवाय तो हवा की नको, हे कुणी कसं ठरवणार?

निवड कशी होते?

जाहिराती ऑगस्टपासून यायला लागतात. बायोडेटा, संशोधनाबद्दल एक निवेदन, शिकवण्याबद्दल एक, शिफारसपत्रं. आधी व्हिडिओवर मुलाखत, मग दीड-दोन दिवस प्रत्यक्ष विद्यापीठात. त्यात मुख्य असतो 'जॉब टॉक': साधारण ४५ मिनिटं तुमच्या संशोधनावर बोलायचं आणि मग प्रश्न. इथे आपली मुलं एकच चूक करतात. सगळं केलेलं काम दाखवायला जातात. एक प्रश्न घ्या, तो कुठून आला ते सांगा, दोन अभ्यास दाखवा आणि पुढच्या पाच वर्षांत कुठे जाणार ते सांगा.

जेवणाच्या टेबलावरही मुलाखत चालूच असते हे लक्षात ठेवा. आणि प्रस्ताव आला की पगार, पहिल्या वर्षीचा शिकवण्याचा भार, संशोधनासाठीची सुरुवातीची रक्कम यावर बोला. त्याला इथे हावरटपणा समजत नाहीत.

नंतर टेन्युअर. बहुतेक ठिकाणी सहाव्या वर्षी संशोधन, अध्यापन आणि सेवा या तिन्हींचा हिशोब होऊन कायम नेमणुकीचा निर्णय होतो. संशोधनावर भर देणाऱ्या विद्यापीठात सत्राला दोन कोर्स शिकवायचे असतात, शिकवण्यावर भर देणाऱ्या कॉलेजात तीन-चार. दोन्ही आयुष्यं चांगली आहेत, फक्त वेगळी आहेत.

एक अडचण आमच्याच विषयाची: विद्यार्थ्यांच्या कामावर देखरेख करायची तर बऱ्याचदा स्वतःकडे मानसशास्त्रज्ञाचा परवाना लागतो, आणि त्यासाठीचे देखरेखीखालच्या कामाचे तास पीएचडीनंतर भरावे लागतात. नवा प्राध्यापक पेपर लिहू की तास भरू, अशा कात्रीत सापडतो. इंटर्नशिप निवडतानाच हा विचार करा.

परत यायचं असेल तर?

जरूर या. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार ठरावीक जागतिक क्रमवाऱ्यांत पहिल्या ५०० मध्ये असलेल्या परदेशी विद्यापीठाची पीएचडी असिस्टंट प्रोफेसरच्या पदाला चालते. अर्ज करताना त्या वेळचे नियम पाहून घ्या. काम तर समोर पडलेलं आहे. पुण्यात मानसशास्त्रज्ञ आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, म्हणजे शाळा आणि मानसशास्त्र यांची सांगड आपल्याला नवी नाही. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती महाराष्ट्राने १९९६ मध्येच द्यायला सुरुवात केली. पण सवलत द्यायची तर आधी अडचण ओळखायला हवी, आणि मराठीतून शिकणाऱ्या मुलाची अडचण मराठीतच तपासायला हवी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये 'डाली' ही वाचनातली अक्षमता (डिस्लेक्सिया) ओळखणारी चाचणी आणली, ती मराठीतही आहे. अशा कामाला अजून खूप हात लागतील.

मग अमेरिकेत शिकलेलं भारतात जसंच्या तसं वापरता येईल का?

नाही, आणि इथेच तुमचा प्रबंध दडलेला असू शकतो. वर सांगितलेली एक मिनिटाच्या वाचनाची पद्धत घ्या. इंग्रजीत शब्द मोजतात. मराठीत 'शाळेतल्यांनासुद्धा' हा एक शब्द आहे आणि 'तो' हाही एक शब्द. दोन्हींना एकच गुण द्यायचा? की अक्षरं मोजायची? मग 'ष्ट्र' हे एक अक्षर धरायचं की त्याला जास्त वजन द्यायचं? तिसरीतली मुलगी 'राष्ट्र' वाचताना 'राष्' म्हणून थांबते, खालचा ट्र बोटाने चाचपते, आणि तीन सेकंद उलटून जातात. इंग्रजीचा नियम सांगतो की तिला शब्द सांगून टाका आणि चूक मोजा. पण ती अडलेली नसते, जोडाक्षर सोडवत असते. तिला किती सेकंद द्यायचे, हे मराठी मुलांबरोबर बसून, स्टॉपवॉच हातात घेऊनच ठरवावं लागेल.